वांग

उदगीरहून पहाटेची एसटी धरली लातूरला,
पिशवी मांडीवर.
तांबोळी मॅडमनी सांगितलं होतं,
अंगाला जे जे लागतं ते सगळं आणा.

म्हणून सगळं:
गालावरचे वांग जायला लावत होते ती क्रीम,
डबीवर एकच बाई दोनदा, आधी सावळी मग उजळ,
पार्लरमधल्या काळ्या मेंदीच्या पुड्या,
फेशियलचे अर्धे डबे,
टिकल्यांचं पाकीट, भांड्याची वडी,
आणि निघताना सासूबाईंनी पुढं केलेलं उटणं:
"हे बी दाखव. उगं माझ्यावर नाव नगं."

मॅडमनी एकेक डबी उलटी केली.
मागं मुंगीएवढी अक्षरं,
भिंग धरून वाचत गेल्या, ओठ हलवत.
मी अकरा वर्षं ह्या डब्या विकते.
पुढचीच बाजू वाचत आले.

मग पाठीवर चिकटपट्टीखाली वीस चकत्या,
प्रत्येकीत ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी,
शेजारी पेनानं आकडे.
पहिलीत नुसतं व्हॅसलीन. तिला काही होत नाही म्हणे,
ती फक्त साक्षीला.
"दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही."
मी हसले. मॅडम, आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो,
आंघोळीचं सोपं आहे.
घामाचं तेवढं एप्रिलला सांगा.

दोन रात्री पालथी झोपले.
खाज अशी, की आत बसून कोणी
दाभणानं वाकळ शिवतंय.

पट्ट्या निघाल्या, आणि चौथ्या दिवशी
पाठीचा फोटो पाठवायचा होता.
ह्यांनी मागच्या दारात उजेडाला उभं केलं,
पदर बाजूला केला, आणि थांबले.
एकोणीस वर्षांत माझी पाठ
ह्यांनी अशी भर दुपारी कधी बघितली नव्हती.
"काय बघूलालाव? आकडे सांगा."
"सात लाल. अकरा तर फुटलाय, पाणी आलंय."
मटक्याचे आकडे सांगावेत तसं सांगत होते,
पण आवाज खाली आलेला.

सात म्हणजे वास.
त्या क्रीममध्ये गुलाब नव्हताच,
गुलाबाचा वास होता.
अकरा म्हणजे मेंदीतला काळा रंग,
नाव एवढं लांब की वाचताना दोनदा श्वास घेतला.
उटणं सुटलं.
सासूबाईंनी तीनदा विचारून घेतलं.

त्या लांब नावाच्या मधेच कुठंतरी
कासल्यांची प्रणिता आठवली.
साखरपुड्याच्या आदल्या दिवशी
कानशिलावरचे चार पांढरे झाकून गेली माझ्याकडून,
आणि सकाळी आई तिला हाताला धरून घेऊन आली,
डोळे मिटलेले, कपाळ भाकरीसारखं फुगलेलं.
आणि मी काय म्हणाले?
रात्री काय खाल्लंस? वांगं खाल्लं असशील.
तिनं तसल्या तोंडानं मान हलवली.
वांगं त्या रात्री अख्ख्या गावानं खाल्लं असेल,
बाजाराचा दिवस होता.

आता गिऱ्हाईक आलं की
कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावते
आणि म्हणते, परवा ये.
अर्ध्याजणी परवा येत नाहीत.
समोरच्या पार्लरात तासाभरात काळं करून मिळतं.

काल प्रणिताला फोन लावला. परभणीला दिलीय तिला.
मागं कुकरच्या शिट्ट्या, पोराचं रडणं.
म्हणाले, अगं, ते माझ्याच पुडीतलं होतं.
तुझं काही चुकलं नव्हतं.
ती गप्प. एक शिट्टी गेली, दुसरी गेली.
मग म्हणाली, मावशी,
सहा वर्षं झाली, मी वांग्याला हात लावला नाही.
पोरालाही खाऊ देत नाही.